भावाचा आठवा दिवस

माझा भाऊ जन्मला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्याच्या जन्मानंतरच्या आठ दिवसांत मी जितकी घाबरले, तितकी नंतर कधी घाबरल्याचं मला आठवत नाही. मी एक गोष्ट सांगितली तर आई मरेल आणि नाही सांगितली तर भाऊ मरेल, असं मला खरोखर वाटत होतं.

आम्ही अजनीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा मालगाडीचे गार्ड होते. घरात मराठीच बोलायचो. आई चारचौघींसारखी साडी नेसायची, गळ्यात मंगळसूत्र घालायची. त्यामुळे आमच्याकडे पाहून आम्ही कोण हे कुणाला कळत नसे. कळायचं ते दारावरून. चौकटीवर उजव्या हाताला एक छोटी नळी तिरकी ठोकलेली होती. तिच्यात चामड्याच्या पट्टीवर लिहिलेला शास्त्रातला उतारा होता. जाता-येता आम्ही तिला बोटं लावायचो आणि ती ओठांना टेकवायचो. घरी आलेली मैत्रीण विचारायची, "हे काय वं?"

"आमच्यात असतं."

"तुमच्यात म्हणजे? ख्रिश्चन का तुम्ही?"

"नाही."

"मग मुसलमान?"

"नाही. आम्ही यहुदी. बेने इस्राएल."

मैत्रिणीच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. अख्ख्या नागपुरात आमची मोजून चार-पाच घरं होती. सभास्थान, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, नव्हतं. हा प्रश्न कुणी विचारला की मी विषय बदलायचे, कारण पुढचं उत्तर मलाच ठाऊक नसायचं.

एकदा मी ते बाबांना विचारलं. ते ड्युटीचे काळे बूट पुसत बसले होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"आपल्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्याला फुटलं," ते म्हणाले. "थोडीच माणसं जगली. पुस्तकं बुडाली, प्रार्थना विसरल्या, भाषा गेली. गावात राहून तेलाचे घाणे चालवायला लागले. पण शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. का बंद ठेवतो, हे त्यांनाही धड सांगता येत नसेल. शेमा ही एक प्रार्थना तेवढी तोंडी राहिली होती. कुठला मासा खायचा, कुठला नाही, ते लक्षात होतं. आणि मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची सुंता. अब्राहामाशी देवाने केलेला करार. शेकडो वर्षं एवढ्यावर माणसं टिकली. पुढे बाहेरून जाणकार आले, त्यांनी ओळखलं, ही आपलीच माणसं."

मग ब्रश पुन्हा उचलून म्हणाले, "मी तर शनिवारसुद्धा रेल्वेला देऊन टाकला. मालगाडी काही शब्बाथ पाळत नाही. देवाने मला मुलगा दिला, तर तेवढं एक तरी मी चोख करीन."

माझ्यानंतर आईचं दोनदा पोट पडलं होतं. अकरा वर्षांनी मुलगा झाला. रेल्वेच्या दवाखान्यात नर्सने "मुलगा आहे" म्हटलं, तेव्हा शेजारच्या काकू आईच्या उशाशी होत्या. या काकू उमरेडकडच्या, कोष्ट्यांच्या घरातल्या. त्यांचे यजमान लोको शेडमध्ये होते. घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "तुही माय एवढी रडली वं पोरी! इतक्या वर्सांनी पोरगा झाला नं."

मला तेव्हा ते खरं वाटलं. पण आईला घरी आणल्यावर मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती बाळाचं दुपटं सोडून त्याच्या मांड्या, दंड, पाठ पुन्हा पुन्हा तपासायची. एखादा लाल ठिपका दिसला की बोटाने दाबून पाहायची. बाबा खोलीत आले की दुपटं पटकन गुंडाळून टाकायची.

बाबांनी मुंबईला तार केली होती. सुंता करणाऱ्याला आम्ही मोहेल म्हणतो. नागपुरात तो कुठून असणार? एक वयस्क मोहेल यायला तयार झाले. बाळ मंगळवारी जन्मलं, म्हणजे पुढचा मंगळवार आठवा दिवस. मोहेल सोमवारी सकाळच्या गाडीने उतरले. उंच, किंचित वाकलेले, डोक्याला काळी टोपी, हातात कातडी पेटी. बाबांनी ती घ्यायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "ही माझ्याकडेच राहू द्या." घरी आल्यावर पेटी कपाटावर ठेवली. त्या दिवशी घरात मी कुठेही गेले तरी मला ती पेटी दिसत होती.

काकूंनाही ती दिसली. त्या आईला म्हणाल्या, "एवढ्याशा लेकराले काहून कापता वं बाई? थोडं मोठं तं होऊ द्या."

आईने बाळाचं दुपटं आणखी घट्ट गुंडाळलं.

दुपारी बाबा मोहेलना घेऊन बाकीच्या यहुदी घरांत आमंत्रण द्यायला गेले. मी दुसऱ्या दिवशीच्या मलिद्यासाठी पोहे निवडत होते. आईने हाक मारली. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं.

"दार लाव," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर हात ठेव. कुणाला सांगणार नाहीस म्हण."

मी हात ठेवला आणि म्हटलं.

मग तिने सांगितलं. तिच्या दोन मोठ्या बहिणी होत्या. थोरलीला पहिला मुलगा झाला. आठव्या दिवशी सुंता झाली. रक्त थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी मूल गेलं. घरच्यांना वाटलं, मोहेलचा हात चुकला. पुढे मधलीला मुलगा झाला. मोहेल दुसरा, गाव दुसरं. तेच झालं. माझ्या आजीने मग दोन्ही मुलं तापाने गेली, असं सगळ्यांना सांगितलं, कारण धाकटी, म्हणजे माझी आई, लग्नाची होती. या घरच्या मुलींत दोष आहे, असं एकदा पसरलं असतं तर तिला कुणी केली नसती. आजीने आईकडून शपथ घेतली होती. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"मग बाबांना सांग ना!" मी म्हटलं.

"काय सांगू? तुझ्या आईने तुम्हाला फसवलं, असं? बारा वर्षं फसवलं? आणि त्यांचा करार? ते शनिवारचं मनाला किती लावून घेतात, पाहतेस ना? एखाद्या वेळी नसेलही काही. सगळ्याच मुलांना होतं असं नाही." ती बाळाच्या पायावरून हात फिरवत होती. "मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तुला सांगितलं. तू फक्त प्रार्थना कर."

मी बाहेर आले. पोहे निवडायला बसले, पण सुपातलं काही दिसेना. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की ते माणूस मरतं, हे शाळेतल्या सगळ्या मुलींना माहीत होतं. मी मागच्या अंगणात नळापाशी जाऊन बसले. काकू घागर घेऊन आल्या.

"काहून रडून राहिली वं?"

"काही नाही."

"काई नाही म्हून कोनी रडते का? मायले बरं नाही का तुह्या?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग लेकराचं भेव वाटून राहिलं तुले?" घागर भरेपर्यंत त्या थांबल्या. "मले नोको सांगू. मी काय करनार हाओ? पन मनात काई असंन, तं ज्याच्या हातात सुरी हाय त्याले सांग."

घागर कमरेवर घेऊन त्या गेल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. त्या सहज बोलल्या होत्या.

मंगळवारी सकाळी पुढच्या खोलीत खुर्ची मांडली गेली. आमच्यात ती एलियाहू हन्नाबीची खुर्ची. प्रत्येक सुंतेला तो पैगंबर अदृश्यपणे हजर असतो, असं मानतात. खुर्चीवर पांढरं स्वच्छ कापड आणि उशी, शेजारच्या स्टुलावर सब्जाची हिरवी डहाळी, काळ्या मनुकांच्या शरबताचा पेला. परातीत मलिदा, म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर केळ्याचे काप. चार घरांतली माणसं जमली. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. ते इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिले नव्हते. प्रत्येकाला सांगत होते, "बरोबर आठवा दिवस. एक दिवस इकडेतिकडे नाही."

मोहेल स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत तयारी करत होते. त्यांनी गरम पाणी मागितलं. आईची चुलत जाऊ द्यायला निघाली, तर मी तिच्या हातातून भांडं घेतलं. "मी देते."

त्यांनी टेबलावर पांढरा रुमाल पसरला होता. त्यावर सुरी होती. दोन्हीकडून धार असलेली, माझ्या वितीएवढी. ती पाहताना माझ्या हातातलं भांडं कललं आणि पाणी त्यांच्या पायावर सांडलं.

"चटका बसला का तुला?" त्यांनी उलट मलाच विचारलं.

"आजोबा, माझ्या मावश्यांची मुलं मेली."

मी सुरीकडे बोट दाखवलं.

"याच्यानेच. आठव्या दिवशी. दोन मावश्यांची दोन. रक्त थांबलंच नाही. आईने शपथ घातलीय, सांगू नकोस म्हणून."

त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं. ते माझ्यासमोर खाली बसले तेव्हा त्यांचे गुडघे वाजले. "सख्ख्या मावश्या? आईच्या सख्ख्या बहिणी?"

"हो."

"दोन निरनिराळ्या बहिणी? दोघींचा एकेक?"

"हो."

"तुला नक्की माहीत आहे?"

"आईने काल सांगितलं."

ते उठले आणि तसेच आईच्या खोलीच्या पडद्याशी गेले. आत गेले नाहीत. पडद्याबाहेरूनच म्हणाले, "मुली, तुझ्या बहिणींची किती मुलं गेली?"

पुढच्या खोलीत कुणीतरी हसत होतं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात शेमा म्हणत होते. दुसरी प्रार्थना मला पाठ नव्हती. मग आईचं रडणं ऐकू आलं, आणि त्या रडण्यातून एकच शब्द.

"दोन."

मोहेल परत आले. सुरी रुमालात गुंडाळली, रुमाल पेटीत ठेवला, पेटी बंद केली. मग ते पुढच्या खोलीत गेले आणि बाबांना म्हणाले, "सुंता होणार नाही."

बाबांना वाटलं, बाळ आजारी आहे. "का? ताप आहे का? कावीळ?"

मोहेलनी सगळं सांगितलं. मोजक्या शब्दांत, कुणाला दोष न देता. बाबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"तरीही करा," ते म्हणाले. "देव बघून घेईल. मी डॉक्टर बोलावतो, त्याला शेजारी उभा करतो."

"नाही."

"आठवा दिवस आहे आज! तुम्ही त्यासाठी मुंबईहून आलात!"

"मी शास्त्रासाठी आलो," मोहेल म्हणाले. "शास्त्र सांगतं, एका बहिणीचा मुलगा सुंतेने गेला, दुसऱ्या बहिणीचा गेला, तर तिसरीच्या मुलाला हात लावायचा नाही. तो मोठा होऊन अंगात ताकद येईपर्यंत थांबायचं. ताकद नाही आली, तर नाही. माझ्या गुरूंनी मला हे शिकवलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. एवढ्या वर्षांत कधी गरज पडली नव्हती. ही सूट नाही, गार्डसाहेब. हा हुकूम आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथसुद्धा मोडायचा असतो."

बाबा खुर्चीची पाठ धरून उभे होते. त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मग हा यहुदी कसा?"

"तो झालाच आहे. यहुदी आईच्या पोटी आला तेव्हाच. मी सुरीने त्याला यहुदी करणार नव्हतो. करार फक्त कातडीत असता, तर तुमच्या मुली-बायका कोण ठरल्या असत्या?"

मोहेलनी बाळाला आणायला लावलं. पांढऱ्या कापडाच्या खुर्चीवर क्षणभर ठेवलं, आशीर्वाद म्हटला, नाव ठेवलं. माणसांनी मान खाली घालून मलिदा खाल्ला आणि लवकर निघून गेली. मोहेल संध्याकाळच्या गाडीने परतले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो हात झटकला, कारण त्या दिवशी डोक्यावर कुणाचाही हात नको वाटत होता.

आई मला रागावली नाही. "मोडलीस शपथ," एवढंच म्हणाली. तेवढ्याने माझी झोप उडाली. शाळेतून येताना आमचं दार दिसेपर्यंत मी पळत यायचे. घरात शिरताच आधी आईचा आवाज ऐकू येतो का, ते पाहायचे. असं कितीतरी महिने चाललं.

बाबा आईशी बोलायचे थांबले. "आईला सांग, डबा भरून ठेव." "आईला सांग, मी परवा येईन." ती समोरच असायची. ते ड्युटीवर निघाले की आई त्यांच्या प्रार्थनापुस्तकाच्या जागेकडे पाहायची. ते पुस्तक बरोबर नेलं असेल तर बाबा परत येणार नाहीत, असं तिने मनाशी धरलं होतं. पुस्तक रोज जागेवर असायचं. पण त्यांनी ते उघडणं सोडलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी आई शब्बाथचा दिवा लावायची आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती परक्यासारखे उभे राहायचो.

भाऊ दीड वर्षाचा असताना ओट्याशी उभं राहता राहता पडला. वरच्या ओठाच्या आतली शीर फाटली. एवढीशी जखम, पण रक्त थांबेना. काकूंनी हळद दाबली, बर्फ आणला. दुपारपर्यंत त्याचं झबलं तीनदा बदललं. बाबा घरीच होते. त्यांनी त्याला उचललं आणि रिक्षाने रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. तिथून मोठ्या सरकारी दवाखान्यात. मी बरोबर होते. आईला चक्कर आली म्हणून काकू तिच्यापाशी थांबल्या.

तीन दिवस आम्ही तिथे होतो. रक्त चढवलं, पुन्हा चढवलं. भाऊ मेणासारखा दिसायला लागला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त थांबलं. डॉक्टरांनी बाबांना व्हरांड्यात बोलावलं. मी बाबांचा सदरा धरून उभी होते.

"याच्या रक्तात गोठायचा गुणच कमी आहे," डॉक्टर म्हणाले. "आईकडून मुलाकडे येणारा आजार आहे. मुलींना सहसा होत नाही, पण पुढे त्यांच्या मुलग्यांत उतरू शकतो. जपावं लागेल, आयुष्यभर." मग त्यांनी केसपेपर पाहिला. "तुम्ही यहुदी ना? तुमच्यात सुंता करतात. याची नाही केली?"

"नाही."

"केली असती, तर हे मूल आज नसतं. कोणी अडवलं तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या सदऱ्याचं टोक माझ्या मुठीत होतं, ते त्यांनी सोडवलं आणि माझा हात आपल्या हातात घेतला.

घरी आल्यावर ते सरळ स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपाशी होती. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. दीड वर्षाने तिच्याशी थेट बोलले ते हे:

"तुझ्या बहिणींच्या मुलांची नावं काय ठेवली होती?"

आईला आधी समजलंच नाही. मग तिने दोन नावं सांगितली. ती नावं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आईनेही बहुधा वर्षानुवर्षं उच्चारली नसावीत. बाबा उठले, पुस्तक आणलं, टोपी घातली आणि त्या दोन मुलांसाठी मृतांची प्रार्थना म्हणायला लागले. आईने "आमेन" म्हटलं. मीही म्हटलं.

भीती काही त्यानंतर गेली नाही. ती आमच्यात राहायला आली, एवढंच. टेबलाच्या कोपऱ्यांना आईने चिंध्या बांधल्या. भावाला पतंग नाही, विटीदांडू नाही, सायकल नाही. आत रक्त साचून गुडघा सुजला की तो स्वतःच जाऊन पडायचा आणि आमचे चेहरे पाहायचा. दुधाचे दात पडायला लागले तेव्हा प्रत्येक दाताला आम्ही दवाखान्यात जायचो. काका, आत्या, सगळे एकेक करून इस्राएलला निघून गेले. बाबांनाही पत्रं यायची, या म्हणून. ते गेले नाहीत. लोकांना सांगायचे, नोकरी आहे, पेन्शन आहे. खरं कारण एकदा मला म्हणाले, "तिथे कुणी पोराला कपडे काढायला लावून विचारलं, हा कोण, तर मी त्याला काय सांगू?"

"मोहेलनी सांगितलं तेच सांगा," मी म्हटलं.

"मला पटलंय," ते म्हणाले. "त्यांना पटेल का?"

आमच्यात तेराव्या वर्षी मुलगा शास्त्र वाचून मोठ्यांत गणला जातो. भाऊ तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याने आमच्या पुढच्या खोलीत, चार घरांतल्या माणसांसमोर, शास्त्रातला उतारा हिब्रूत वाचला. एक पाय आखडलेला, त्यामुळे भिंतीला टेकून उभा होता. एकही शब्द चुकला नाही. नंतर घामाघूम होऊन मला म्हणाला, "मला वाटत होतं, मध्येच कोणीतरी थांबवेल."

मला स्थळं यायला लागली तेव्हा आईने आजीचेच शब्द वापरले. "सांगायची काय गरज आहे? तुझ्यात असेलच असं नाही." मी ऐकलं नाही. पहिल्या मुलाला सांगितलं. त्यांच्याकडून पुन्हा पत्र आलं नाही. दुसऱ्यालाही सांगितलं. आम्ही महाराजबागेत बाकावर बसलो होतो. 

"मुलगा झाला तर थांबू," तो म्हणाला. "डॉक्टर सांगेल तसं करू. आणि मुलगी झाली तर?"

"मुलगी झाली तर तिला सांगावं लागेल."

आम्हाला दोन मुली झाल्या. दोन्ही वेळा नर्सने "मुलगी" म्हटलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला. दोन्ही वेळा त्या सुटकेची मला लाज वाटली. थोरली दहा वर्षांची झाली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. शपथ घातली नाही. कुणालाही सांग, म्हटलं.

"त्या मोहेल आजोबांसमोर बोलताना तुला भीती नाही वाटली?" तिने विचारलं.

"वाटली."

"आता?"

"आता तुझ्यासाठी वाटते," मी म्हटलं.